पश्चात दोन मुलगे

डॉक्टरांनी सांगितलं तरी आमच्या पट्ट्यात माणूस पुरता मेला असं कुणी धरत नाही. आमचे व्याही म्हणाले, म्हणजे मेला. व्याही म्हणजे माझ्या थोरल्या सुनेचे वडील. बोर्ली पंचतनपासून दिवेआगरच्या वाड्यांपर्यंत जे काही घडेल ते अलिबागच्या एका पेपरला कळवायचं, हे काम त्यांनी उभा जन्म केलं. त्यांच्याइतका संशयी माणूस देवानं पुन्हा घडवायचा नाही असं ठरवलं असणार, कारण ह्यांनी त्यालाही कुणी पाठवलं म्हणून विचारलं असेल. एकदा एका म्हाताऱ्याच्या घरात रडारड झाली, बायका पदर तोंडाला लावून बसल्या, बांबूसुद्धा येऊन पडले. व्याही आत गेले, आपला चष्मा काढून म्हाताऱ्याच्या नाकाशी धरला, काचेवर वाफ धरली तशी बाहेर येऊन ओटीवर बसले आणि म्हणाले, "बातमी अजून पक्की न्हाय. चहा टाका." म्हातारा त्यानंतर दोन पावसाळे जगला, आणि व्याही रस्त्यात दिसले की तोंड फिरवायचा. ह्यानं माझं सुखाचं मरण लांबवलं, असं त्याचं म्हणणं होतं.

बाजारात पापलेट घ्यायला गेले तर कोळणीला मासा कधीचा हे विचारून त्यांचं भागायचं नाही. होडी कुणाची, ती हाकणारा तांडेल कोण, हे विचारायचे आणि मग त्या तांडेलाला फोन लावायचे. तोवर मासा दुसऱ्याच्या पिशवीत गेलेला असायचा. माझ्या मुलासाठी त्यांच्या मुलीची गोष्ट निघाली तेव्हा घरी आले, मी सांगितलं मुलगा निर्व्यसनी आहे, ते हो म्हणाले, लाडू खाल्ला, आणि इथून उठले ते आमच्या गावच्या पानटपरीवर जाऊन जेवणाची वेळ टळेपर्यंत बसले. मी मुलाकडचा. आमच्यात मुलाकडच्याला मान असतो, आणि मान घ्यायला मी कधी मागे सरलेलो नाही. पण लग्नाची बातमी त्यांनीच दिली आणि तीत माझं नुसतं नाव. मी म्हटलं, पुढं प्रतिष्ठित बागायतदार असं घाला. तर हा माणूस भर मांडवात मला विचारतो, "प्रतिष्ठित म्हणून कुणी सांगितलं? दोघांची नावं द्या, मी जाऊन विचारून येतो." मी रागानं पंगतीतून उठलो. मी जेवलो नाही हे मात्र त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे तेवढ्यावर त्यांचा लगेच विश्वास बसला.

हे सगळं लोकांनी सोसलं त्याला कारण आहे. मोठं वादळ झालं तेव्हा माड-पोफळी आडव्या पडल्या, छपरं उडाली, फोन बंद, वीज नाही, आणि आमची निम्मी पोरं मुंबईत, मोहल्ल्यातली आखातात. इथं कोण जिवंत आहे ते तिकडं कळायला मार्ग नव्हता. व्याही पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत घरोघर गेले, प्रत्येक घरातलं माणूस डोळ्यांनी बघितलं, आणि जिथं रेंज मिळाली तिथं उभं राहून एकेक नाव पेपरला सांगितलं. जे दिसलं नाही ते नाव दिलं नाही. बोर्लीच्या हनीफभायचा मुलगा कुवेतला होता, बापाचं नाव वाचलं तेव्हा कुठं त्याच्या घशाखाली घास उतरला. तेव्हापासून आमच्याकडे "त्यांनी लिवलंय" म्हटलं की वाद मिटायचा. ह्या भरवशानंच पुढं घात केला.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला पेपरनं परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचं एआय घेतलं. घेतलं म्हणजे भाड्यानं. यंत्र त्यांचं, पेपर आमचा. बातमीदारांनी फोनमध्ये नुसतं बोलायचं, ते यंत्र लिहिणार, मथळा देणार, पानावर लावणार. पूर्वी बातम्या तपासायला माणसं बसायची ती घरी गेली. व्याही अलिबागला जाऊन शिकून आले. मी विचारलं, कसं आहे? म्हणाले, कोण आहे, कुठं बसतं, कुणालाच माहीत नाही, पण लिहितं झकास. मला वाटलं, चार दिवसांत भांडण होणार. झालं नाही. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, बोटं थरथरायला लागली होती, लिहिणं जडच जात होतं. यंत्रानं त्यांना उचलून धरलं. आपल्या बातमीत उत्साह, जल्लोष, मान्यवर, असले कधी न वापरलेले शब्द दिसायला लागले तेव्हा थोडे दिवस ते कुरकुरले, मग लोक रस्त्यात थांबवून छान लिहिता म्हणायला लागले आणि कुरकुर थांबली. माझ्या नातवाच्या बारशाची बातमी आली तिच्यात मी चक्क ज्येष्ठ व प्रतिष्ठित बागायतदार. व्याही म्हणाले, "हे मी बोललो न्हवतो." मी म्हटलं, "यंत्राला कळलं, तुम्हाला न्हाय कळलं." त्यांनी पेपर घडी करून ठेवून दिला. त्या दिवशी मी जिंकलो असं मला वाटलं.

मग आमच्या गावचे शांतारामदादा गेले. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईत गोदीत काढली, बायको इंदूवयनी इथं वाडीत. शिमग्याला आणि गणपतीला यायचे, नोकरी सुटल्यावर कायमचे आले. मूलबाळ नव्हतं. त्यावरून इंदूवयनींनी काय-काय ऐकलं असेल ते इथल्या बायकांनाच ठाऊक. अग्नी पुतण्यानं दिला. व्याही रिवाजाप्रमाणे घरी जाऊन आले, मला समक्ष दिसले, नंतर आमच्या ओटीवर बसूनच फोनमध्ये बोलले. पश्चात पत्नी आहे, एवढंच बोलले. मी समोर होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे. वर व्याह्यांचं नाव.

एखाद्या दुसऱ्या गावात लोक हसले असते. आमच्या गावात कुणी हसलं नाही. ह्या माणसानं विचारल्याशिवाय आजवर कुणाला मामासुद्धा लावला नव्हता. त्यानं दोन मुलगे लिहिले म्हणजे ते आहेत. इथं नाहीत, मग कुठं असतील? शांतारामदादा इतकी वर्षं मुंबईत एकटे राहिले होते, ते लोकांना एकदम आठवलं. दुपारपर्यंत मुलगे माझगावला राहतात असं ठरलं, संध्याकाळी हनीफभायच्या दुकानापाशी कुणी तरी धाकटा रेल्वेत आहे म्हणूनही सांगितलं. हनीफभाय म्हणाले, तौबा, मयत झालेल्या माणसाबद्दल काय बोलता. पण पेपर उचलून त्यांनीही पुन्हा एकदा वाचून बघितला.

व्याही तडक वयनींकडे गेले, मी बरोबर होतो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. ह्यांना बघून पदर नीट केला आणि अगदी हळू म्हणाल्या, "भावजी, तुमी इचारल्याबिगर लिवत न्हाय. कुठं इचारलंत, तेवढं सांगा."

व्याह्यांनी सांगितलं की मी असं लिहिलेलंच नाही, ते फोनातलं यंत्र आहे, कंपनीचं आहे. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाव तुमचं हाय." आणि थोड्या वेळानं, "मला वाईट वाटंल म्हनून तुमी झाकताय. चांगली मानसं तुमी." बाहेर आल्यावर हा माणूस अंगणातल्या तुळशीजवळ किती तरी वेळ उभा होता. आयुष्यभर ज्याच्यावर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यानं आता खरं सांगितलं तर ती दया वाटली.

त्यांनी दुरुस्ती पाठवायची ठरवलं. पण दुरुस्तीही त्या फोनातच बोलायची. मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलले: शांताराम यांना दोन मुलगे असल्याचं छापून आलं ते चूक आहे, त्यांना अपत्य नव्हतं. सकाळी पेपर आला. त्यात होतं: दिवंगत शांताराम यांच्या दोन्ही मुलांबाबत कोणीही गैरसमज पसरवू नयेत, असे भावपूर्ण आवाहन कुटुंबीयांनी केले आहे. मी वाचून दाखवलं तेव्हा व्याही ओटीवरच्या झोपाळ्याची कडी धरून खाली बसले. आता सुनांची नावं तेवढी यायची राहिली होती.

आणि तेवढ्यात पुतण्या आला. डोकं भादरलेलं, पंचा गुंडाळलेला, चेहरा पडलेला. पोरगा भाबडा, पण धर्माला घाबरणारा. म्हणाला, काकाचे सख्खे मुलगे असताना मी अग्नी दिला, हे पाप माझ्या माथी आलं. आता दहाव्याचा पिंड मी देणार नाही, ते येऊन देतील. मी त्याला रागावलो. तर म्हणतो, मग तुम्ही लिहून द्या की नाहीत, तुमचं कोण छापतंय ते बघू. दहावा तोंडावर आला होता. नसलेल्या मुलांची वाट बघत शांतारामदादांचा पिंड राहणार, आणि वयनींनी उरलेला जन्म माझगावकडे तोंड करून काढायचा, असं सगळं दिसायला लागलं.

आम्ही अलिबागला निघालो. दिघीला फेरीबोट, आगरदांडा, मुरूड. रेवदंड्याला एसटी थांबली तेव्हा बाहेर बोंबील वाळत घातले होते, त्यावर कावळ्यांची झुंबड होती. व्याह्यांनी तिकडं बघून मान फिरवली. सगळ्या वाटेत ते एकदाच बोलले, की बातमीवरचं माझं नाव काढून टाकायला सांगणार. कचेरीत पूर्वी मी एकदा गेलो होतो तेव्हा टेबलावर टेबल आणि कलकलाट होता. आता एक मॅडम, एक पंखा आणि रिकाम्या खुर्च्या. मॅडम वाईट नव्हती. पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली की त्या यंत्रानं हजारो निधनवार्ता वाचल्यात, त्याला वाटतं परिवार म्हटला की मुलं असतातच. नुसती पत्नी म्हटल्यावर त्याला ते अपुरं वाटलं, त्यानं भर घातली. व्याही म्हणाले, मग तुम्ही हातानं लिहून आत घाला. ती म्हणाली की तालुक्याची पानं आता थेट कंपनीकडूनच लागून येतात, मधे शिरायची सोय करारात नाही, संपादक दौऱ्यावर आहेत, कंपनीकडे तक्रार नोंदवली आहे, उत्तर येईल.

"कवा येनार?"

"काका, ते त्यांच्या हातात आहे."

"आनि पेपर कुनाच्या हातात हाय?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी बघितलं. व्याह्यांनीही बघितलं असावं, कारण ते पाण्याचा पेला ठेवून उठले. परतीच्या बोटीत त्यांनी मला विचारलं, "व्याही, मी लिहिलं न्हाय असं म्हटलं तर लोक म्हणतात मी झाकतो. लोकांना खरं वाटायला काय करावं लागंल?" मी म्हटलं, तुम्ही थोडे कमी खरे असतात तर बरं झालं असतं. चेष्टेत म्हणालो होतो. त्यांनी ते मनावर घेतलं.

दहाव्याला समुद्रावर, सुरूच्या बनापाशी सगळा गाव जमला. एरवी इतकी माणसं येत नाहीत. मुलगे येतात का ते बघायला आली होती. मुंबईची गाडी दिसते का म्हणून सारखं कोणी तरी रस्त्याकडं बघत होतं. बायका लांब सावलीत, त्यांच्यात इंदूवयनी. भटजींनी सगळं मांडलं, पुतण्याला हाक मारली. तो उठेना. खाली मान घालून म्हणाला, "ज्यांचा हक्क हाय त्यांची वाट बघू." भटजी म्हणाले, ऊन चढतंय. मागून एकजण म्हणाला, आपण पिंड दिला तरी कावळा शिवायचा नाही, जीव त्या पोरांत अडकला असणार. वयनींनी हे ऐकलं. त्यांनी डोळे मिटले.

तेव्हा व्याही पुढं आले. धोतराचा सोगा हातात धरून, वाळूत उभे राहून म्हणाले, "ती बातमी माझी न्हाय. ती एकच न्हाय, दिवाळीपासनं जेवढ्या आल्या त्यातली एक पन माझी न्हाय. मी बोलतो, यंत्र लिवतं, आनि सकाळी मी तुमच्यासारखाच वाचतो. तुमी चांगलं म्हनायला लागलात, मी गप बसलो."

लोकांना पटलं नाही, हे तोंडावर दिसत होतं. मग त्यांनी एकेकाला नावानं हाक मारायला सुरुवात केली. तुझ्या वास्तुशांतीला मान्यवर कोण होते, सांग. तो इकडं-तिकडं बघायला लागला. वास्तुशांतीला त्याचा मेव्हणा आणि रंगारी, एवढेच होते. शाळेच्या खेळांत ढोल-ताशांचा गजर झाला म्हणून छापलं, कोणी ऐकला? मास्तरांनी चप्पल वाळूत घासली. माणसं खजील होत होती, पण मागचा तो मघाचा आवाज पुन्हा म्हणाला, शांतारामला वाचवायला हे सगळं स्वतःवर घेताहेत, थोर माणूस. व्याही हरल्यासारखे झाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

त्यांना काय हवं होतं ते मला कळलं, आणि ते न कळतं तर बरं असंही वाटलं. सगळा गाव समोर, सुनेच्या माहेरचा माणूस मदत मागतोय, आणि ती द्यायची तर जन्मात एकदा छापून आलेली गोष्ट परत करायची. मी उभा राहिलो. म्हटलं, "बारशाच्या बातमीत मला प्रतिष्ठित लिवलं होतं. तुम्ही सगळे ह्यांना वळखता. हे माझ्याबद्दल असं लिवतील?"

मग हनीफभाय, जे जुन्या ओळखीखातर येऊन लांब उभे होते, ते फसकन हसले, आणि त्यांच्यामागून सगळा समाज हसला. दहाव्याला हसणं बरं नव्हे, भटजीसुद्धा तोंड फिरवून हसले. ह्या माणसानं मला प्रतिष्ठित म्हणणं अशक्य, हे आमच्या पंचक्रोशीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दोन मुलगे तिथल्या तिथं मेले. मी मात्र हसलो नाही.

पुतण्यानं विचारलं, "मग आता खरं कुनाचं धरायचं?"

"माझं नको," व्याही म्हणाले. "जिचा नवरा गेला तिला कुनी इचारलंत का?"

नव्हतं विचारलं. इतके दिवस सगळा गाव पेपर वाचत होता, आणि ती बाई घरात बसून होती. पुतण्या वाळू तुडवत गेला, काकीपुढं वाकून बसला. वयनी म्हणाल्या, आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाल्या, "माझ्या पोटी झालं न्हाय. त्यांचं दुसरीकडं असतं तर त्यांच्या पोटात राहिलं नसतं. डाक्टरनं गोड बंद केलं होतं, तर बोर्लीत चोरून जिलबी खाल्ली की घरी येऊन सांगायचे." मग त्यांना रडू फुटलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. बायकांनी रडू दिलं.

पुतण्यानं पिंड दिला. कावळा आला, बराच वेळ बाजूला नाचला आणि शिवला. त्याचा भाषणाशी काही संबंध नाही, ओहोटी लागली की कावळे येतातच, असं व्याह्यांनी मला चालता-चालता सांगितलं.

त्या दिवसानंतर त्यांनी बातमीदारी सोडली. पेपरला कळवलं, उत्तर आलं नाही. आमच्या भागाच्या बातम्या अजून छापून येतात, पूर्वीपेक्षा जास्तच, आणि छान असतात. वर कुणाचंच नाव नसतं. दुरुस्ती आजतागायत आलेली नाही. लोक व्याह्यांना नमस्कार करतात, पण काही विचारायला थांबत नाहीत. त्यांनी स्वतःच सांगितलं ना, माझं धरू नका म्हणून. खरं सांगायची किंमत त्यांनी अशी चुकवली, आणि त्याबद्दल माझ्यापाशी एक शब्द काढला नाही. संध्याकाळी माझ्या ओटीवर येऊन बसतात. सून चहा आणते, बापाला जरा जास्त आलं घालते, ते मी चालवून घेतो.

मागच्या आठवड्यात चहा पिताना म्हणाले, मी गेलो तर पेपरला कळवायचं नाही. तुम्ही घरोघर जाऊन सांगा. कोणत्या घरी आधी जायचं, कुठं जिना जपून चढायचा, हेही सांगितलं. मी हो म्हटलं. माझे गुडघे कसे आहेत ते त्यांना दिसतंय, तरी मलाच सांगितलं. मी विचारात पडलोय तो मात्र निराळ्याच गोष्टीच्या. पश्चात पत्नी, मुलगी, जावई, नातू, हे सगळं मी बिनचूक सांगेन. पण त्या परिवारात व्याही, म्हणजे मी, कुठंच बसत नाही. कुणाच्याही निधनवार्तेत मी तो वाचलेला नाही. दारात उभा राहिल्यावर कुणी विचारलं, की तुमचं काय गेलं, तर काय सांगायचं ते मला अजून जमवता आलेलं नाही.